घरची झडती

गेल्या पावसाळ्यात जबलपूरच्या आमच्या घरी संगणकाची झडती घेण्याचा प्रसंग आला. नातवाने कोठूनशी एक फाईल उतरवून घेतली आणि यंत्र मंदावले. तेव्हा विषाणू हुडकणारी एक प्रणाली आणून बसविली. परंतु पहारेकरी नेमावयाचा, तर तो जागा आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी जगभर एक युक्ती रूढ आहे. आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक ओळ आहे. ती कोणाला इजा करीत नाही. मात्र ती दिसताच तपासनीस प्रणालीने ओरडावे, असा संकेत आहे. मी ती टंकून जतन केली. क्षणात पडद्यावर तांबडी पाटी झळकली.

पहारेकरी जागा होता खरा. पण तो चोर ओळखतो कसा? त्याच्यापाशी एक यादी असते. पूर्वी सापडलेल्या विषाणूंच्या खुणा तीत टिपलेल्या असतात, आणि फाईलमागून फाईल उघडून तो त्या जुळवून पाहतो. अलीकडचे तपासनीस संशयास्पद वर्तनही न्याहाळतात. पण मूळ भिस्त यादीवर. ही यादी सतत ताजी ठेवावी लागते. पुण्यात यंत्रदुरुस्तीचे छोटे दुकान चालविणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० नंतरच्या दशकात गिऱ्हाइकांच्या संगणकांतील विषाणू काढता काढता 'क्विक हील' उभे केले, ते याच खटाटोपातून.

यादी करून माणसे ओळखण्याचा उद्योग मात्र आमच्या जबलपुराला फार जुना. विल्यम स्लीमन याने ठगांविरुद्धची मोहीम येथूनच चालविली. फिरंगियासारखे पकडलेले ठग त्याने माफीचे साक्षीदार केले, त्यांच्याकडून साथीदारांची नावे आणि वंशावळी उतरवून घेतल्या. १८३६ साली कलकत्त्यास त्याचा 'रामसीआना' हा ग्रंथ निघाला. त्यात ठगांच्या गुप्त बोलीचा कोश आहे. गळा आवळण्याचा इशारा म्हणजे 'झिरणी'. हा शब्द ज्याच्या तोंडी, तो ओळखला गेला!

त्याच वर्षी तिसावा कायदा झाला. अमक्याने अमक्याचा खून केला हे सिद्ध करण्याची आता गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. आणि ठग म्हणावे कोणाला, याची व्याख्याच त्या कायद्यात नव्हती. स्लीमन एका साक्षीदाराचे बोलणे दुसऱ्याकडून पडताळून घेई, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तरी साक्षीदाराचा जीव दुसऱ्यांची नावे सांगण्यावर टिकून होता, हे कसे विसरावे? वाटसरूंचे खून खोटे नव्हते. पण दोरीने बांधून आणलेल्यांत किती जण केवळ चुकीच्या माणसांबरोबर एका वाटेने चालले होते, हे आज कोण सांगणार? पुढे साक्षीदारांची व त्यांच्या मुलांची गावातल्या उद्योगशाळेत रवानगी झाली. तेथे तंबू आणि गालिचे तयार होत.

हे सारे आठवण्याचे कारण घरचेच. आमच्या झडतीत त्या नातवाच्या फाईलबरोबर आणखी एक संशयित सापडला: मराठी टंकनाची एक जुनी प्रणाली, एका परिचिताने हौसेने लिहिलेली. पहारेकऱ्याने तिला मुकाट्याने अटकेत टाकले. वडिलांनी १९९८ मध्ये टंकलेल्या त्यांच्या आठवणी त्या प्रणालीवाचून वाचता येत नाहीत. फाईल उघडली, तर नुसती चौकटींची रांग. कोणताही तपासनीस दर वेळी बिनचूक निवाडा देऊ शकणार नाही, हे फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८० नंतरच्या दशकातच गणिताने दाखवून दिले होते. पण तेव्हा मला गणित सुचले नाही, वडील आठवले.

मग दोन निराळ्या तपासनिसांकडून स्वतंत्रपणे साक्ष घेतली. दोघांनीही तिला निर्दोष ठरविले. नातवाने 'अपवाद' या रकान्यात तिचे नाव लिहिले, आणि रात्री आम्ही दोघांनी वडिलांच्या आठवणींचे पहिले पान उघडले. ते ग्वारीघाटावरच्या पुराविषयी होते.