अनुभवाधारित शिक्षण कार्यक्रम (परभणी)

अनुभवाधारित शिक्षण कार्यक्रम हा कृषी पदवी अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षातील प्रात्यक्षिक भाग असून त्यात विद्यार्थी गटाने एक लहान व्यवसाय उभारतात व सत्र संपेपर्यंत तो चालवतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आखलेला हा कार्यक्रम परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात समाविष्ट आहे. त्यात उत्पादनाबरोबरच नियोजन, नियमितता, व्यावसायिक संपर्क व अहवाललेखन यांचेही मूल्यमापन होते.

पार्श्वभूमी

परभणीचे कृषी महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. परिषदेच्या चौथ्या अधिष्ठाता समितीने (२००७) अनुभवाधारित शिक्षणाची शिफारस केली. २५ जुलै २०१५ रोजी पाटणा येथे 'स्टुडंट रेडी' योजनेचा प्रारंभ झाला व हा कार्यक्रम तिचा घटक बनला. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात सातवे सत्र ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, तर आठवे या कार्यक्रमासाठी असून दोहोंना प्रत्येकी २० श्रेयांक आहेत. त्यामुळे आदल्या सत्रात 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून शेतकऱ्यांना सल्ला देणारे विद्यार्थी पुढच्या सत्रात स्वतः विक्रेते होतात.

स्वरूप

अळिंबी उत्पादन, मधमाशीपालन, रेशीम उद्योग, कुक्कुटपालन, जैविक खते व जैविक नियंत्रक, बीजोत्पादन, माती परीक्षण, अन्नप्रक्रिया इत्यादी विषय आराखड्यात आहेत. गटाने प्रकल्प आराखडा व अंदाजपत्रक तयार करणे, कच्चा माल घेणे, उत्पादन करणे, विकणे आणि हिशेब मांडणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात परिचित असलेल्या 'कमवा व शिका' योजनेपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. तेथे विद्यार्थ्याला कामाचा मोबदला मिळतो. येथे मालाची किंमत ठरवण्यापासून न विकलेल्या मालाचे काय करायचे इथपर्यंतचे निर्णय शिकण्याचा भाग ठरतात.

हंगाम आणि बाजारपेठ

आठवे सत्र सामान्यतः उन्हाळ्याकडे झुकते आणि परभणीत ही बाब निर्णायक ठरते. धिंगरी अळिंबीसाठी सोयाबीनचे काड किंवा गव्हाचा भुसा परिसरात सहज मिळतो आणि पहिली तोडणी तीन-चार आठवड्यांत हाती येते. मात्र तिला साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान व भरपूर आर्द्रता लागते, तर एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. उशिरा पिशव्या भरणाऱ्या गटाला ओली पोती टांगणे, वारंवार पाणी फवारणे असे उपाय करावे लागतात व खर्च वाढतो. ताजी अळिंबी फार टिकत नाही. तिच्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असल्याने दहा किलो ताज्या मालातून साधारण एकच किलो वाळलेला माल मिळतो. वाळवणीला मात्र हेच ऊन उपयोगी पडते.

जैविक नियंत्रकांचे गणित उलट आहे. ट्रायकोडर्मा ही बुरशी तुरीच्या मर रोगाविरुद्ध बीजप्रक्रियेसाठी वापरली जाते आणि तिची मागणी पेरणीच्या तोंडावर येते. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, भरणाऱ्या खरीप शेतकरी मेळाव्याला हा काळ जुळतो. बीजोत्पादनाची अडचण आणखी निराळी: सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख खरीप पिके असल्याने त्यांच्या खरीप पेरणीपासून काढणीपर्यंतचे चक्र या सत्रात बसत नाही.

पदवीनंतर

सत्रात जागा, उपकरणे व मार्गदर्शन विद्यापीठाचे असते; आवारातील ओळखीचा ग्राहकही मिळतो. पदवीनंतर हे सारे सुटते व गटातील सदस्य आपापल्या गावी, स्पर्धा परीक्षांकडे किंवा पदव्युत्तर शिक्षणाकडे वळतात. एकत्र राहणाऱ्यांना भागीदारी किंवा कंपनी असे कायदेशीर रूप निवडावे लागते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार वेगळा करार नसल्यास नफा-तोटा सर्व भागीदारांत समान वाटला जातो, मग काम कोणी कितीही केलेले असो. नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातील हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. अन्नपदार्थ विकणाऱ्या गटाला याशिवाय अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो.