खानावळवाल्या बाईंचा हिशोब आणि आपलं ग्रिल चिकन

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, बसमध्ये रेंज जाते, किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे घसरलं ते थोडं नीट केलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय.

या भागाचं निमित्त म्हणजे एक व्हॉइस मेसेज. आपल्या मलकापुरातलाच एक श्रोता विचारतो, "दादा, मी घरी चिकन ग्रिल करतो. घरचे म्हणतात, हाताला चव आहे, स्टॉल टाक. टाकू का?" अशा प्रश्नाला रीलवाले तीस सेकंदांत उत्तर देतात. मला मात्र वाटलं, हाताची चव विकून पोट भरणारे आपल्याकडे आधीही होऊन गेलेत, तर त्यांचं काय झालं ते आधी बघू.

पण सुरुवात कोंबडीपासून. आपल्या घरात कोंबडी म्हटलं की रस्सा. तांबडा असो, पांढरा असो, नाहीतर वाटण घालून केलेलं सुकं असो, भांडं चुलीवर चढणारच. अख्खी कोंबडी निखाऱ्यावर भाजायची पद्धत घरोघरी का नव्हती? माझं मत विचाराल तर कारण कोंबडीतच आहे. गावरान कोंबडी अंगणात फिरून, उकिरडा उकरून मोठी झालेली. तिचं मांस चिवट. निखाऱ्यावर टाकली तर बाहेरून करपणार आणि आत दात लागणार नाहीत. ती शिजवायला पाणी लागतं, वेळ लागतो. म्हणून निखाऱ्यावर आपण काय भाजलं? वांगं, कणीस, सुका बोंबील, फार तर काळजाचे तुकडे. रायगडकडची पोपटी आठवा. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मसाला लावलेली कोंबडी, आणि मडकं उपडं ठेवून भोवतीनं जाळ. म्हणजे तिथंही कोंबडी वाफेत शिजते, थेट जाळावर नाही.

मग ग्रिल आलं कुठनं? दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांबरोबर तंदूर हॉटेलात पोचला. दिल्लीच्या दर्यागंजातलं मोती महल 1947 सालचं. आणि दुसरी गोष्ट ब्रॉयलर. वेंकटेश्वरा हॅचरीज ही पुण्याची कंपनी डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली सुरू केली, आणि पुढच्या काही दशकांत कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास भरणारा, मऊ मांसाचा पक्षी. तो निखाऱ्यावर अर्ध्या-पाऊण तासात होतो. आज रस्त्यारस्त्यावर जो धूर दिसतो त्याच्या मागं हा पक्षी आहे. आजीला विचाराल तर ती म्हणेल याला चवच नाही, आणि तिचं चुकत नाही. म्हणून तर मसाला वरनं चोळावा लागतो.

आता धंद्याकडं येऊ. कोल्हापूरच्या इतिहासातलं खाण्यापिण्याचं सगळ्यात मोठं दुकान कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी एका चहाच्या हॉटेलाचं नाव घेईन. गंगाराम कांबळे. शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतले. वरच्या जातीच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना धंद्यासाठी मदत दिली. त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. नाव सत्यसुधारक. चहा चांगला, जागा मोक्याची, आणि गिऱ्हाईक येईना. चव वाईट म्हणून नव्हे, हात कुणाचा म्हणून! मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा प्यायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजाच पितोय म्हटल्यावर सोबतचे काय नाही म्हणणार?

ही गोष्ट आपण शाळेत समतेचा धडा म्हणून वाचतो, आणि ती आहेच. मला त्यात धंद्याची एक गोष्टही दिसते. महाराजांनी नुसतं भांडवल देऊन सोडलं नाही, गिऱ्हाईक आणून दिलं. खाण्याच्या धंद्यात पैशाइतकाच भरवसा लागतो, 'याच्या हातचं मी खाईन' हा. तो कर्जात मिळत नाही. आज आपण म्हणतो जात कुठं राहिली, पण स्टॉलच्या पाटीवर आडनाव लिहावं की नको याचा विचार करणारी मुलं मला माहीत आहेत.

आता मुंबई. शाहूवाडी तालुक्यातलं घर दाखवा ज्यातलं कुणीच मुंबईला गेलं नव्हतं! गिरणीत, गोदीत, हमालीला. लालबाग, परळ, वरळीच्या चाळीत एकेका खोलीत दहा-पंधरा बाप्ये पाळीपाळीनं झोपायचे. बायका-पोरं गावी. मग जेवायचं कुठं? खानावळीत. म्हणजे हॉटेल नव्हे बरं का. चाळीतलीच एखादी बाई, दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्हवर वीस-तीस माणसांचं दोन वेळचं करायची. कोकणातल्या होत्या, घाटावरच्या होत्या, कुणी विधवा, कुणाचा नवरा गिरणीतून कमी झालेला. भाकरी, आमटी, भाजी, बुधवारी-रविवारी मासे नाहीतर मटण. या बायकांना सरकार दरबारी कामगार म्हणत नव्हते, दुकानदारही म्हणत नव्हते. घरचंच काम करतात, असं सगळे धरून चालायचे. गिरणगाव चालत होता तो यांच्या जेवणावर, आणि खातेवहीत यांचं नाव कुठंच नाही.

अडचण होती ती पैशाच्या चक्रात. गिऱ्हाईक पगार झाल्यावर महिन्याला पैसे देणार, आणि वाण्याला धान्याचे पैसे आधी हवेत. मधली महिनाभराची खिंड सावकार भरायचा. व्याज इतकं की नफा त्यातच जायचा, डाग गहाण पडायचे. आणि संप झाला की? तरीही जेवण बंद नाही. संपाच्या काळात उधारीवर कामगारांना या बायकांनी जेवू घातलं.

हे प्रेमा पुरव यांनी बघितलं. मूळ गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत. त्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 साली झालं होतं, गरिबाला कर्ज द्या असं धोरण होतं, पण खानावळवालीकडं तारण काय? उलथनं? मग बायकांनी एकमेकींची हमी घेतली. पहिल्या 14 जणींना बँक ऑफ बडोदाकडून दीड-दीड हजाराचं कर्ज मिळालं. सावकाराचा फास सुटला. 'मायक्रोफायनान्स' हा शब्द आपल्याकडं रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. प्रेमाताईंना पुढं 2002 साली पद्मश्री मिळाली.

मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. कामगार गावी परतले, त्यात आपल्या तालुक्यातलेही होते. खानावळींचं गिऱ्हाईकच गाडीत बसून निघून गेलं. अन्नपूर्णानं मग ऑफिसांतले डबे, कॅटरिंग असे मार्ग धरले. हाताची चव तीच होती. बदललं ते गिऱ्हाईक.

आता आपल्या श्रोत्याकडं वळतो, कारण इथं मला खरा फरक दिसतो. खानावळवालीला सकाळी माहीत असायचं, आज तीस पानं. त्यामुळं नासाडी जवळपास शून्य. ग्रिलवाल्याला संध्याकाळी सातला कळतं आज कोण येणार ते, आणि कोंबडी मात्र दुपारीच मुरवत ठेवावी लागते. हिशोब बघ, भावा. दोन किलोची जिवंत कोंबडी साफ करून 1300-1400 ग्रॅम उरते. भाजल्यावर त्यातलंही पाणी आणि चरबी जाते, पाव हिस्सा तरी कमी होतो. म्हणजे जिवंत वजनाचा भाव धरून दर लावलास तर पहिल्याच महिन्यात बुडशील. त्यात कोळसा, मसाला, उरलेला माल, आणि तुझी स्वतःची मजुरी. ही शेवटची गोष्ट कुणीच धरत नाही. त्या बायकांचीही धरली नव्हती.

म्हणून माझा सल्ला, पटला तर घे. लगेच गाडा घेऊ नकोस. आधी खानावळीसारखं कर. शनिवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घे, थोडे पैसे आधी घे, आणि रविवारी मोजकीच भाज. आपलं गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे, आंब्याला जाणारे पर्यटक इथनंच जातात, हे खरं. पण पर्यटक पावसाळा आणि सुट्ट्या बघून येतो. गल्लीतलं गिऱ्हाईक बारमाही.

आणि एक कारागिरीची गोष्ट. कांदालसूण चटणी लावून थेट जाळावर धरलीस तर ती कडू होणार, लसूण आधी करपतो. दही, मीठ, हळद, आलं यात मुरव, अर्धी भाजून झाल्यावर चटणी तेलात कालवून वरनं लाव. जाळ नको, राख धरलेले निखारे हवेत. मांडीच्या हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर परत ठेव, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. आजारी पडलेलं एक गिऱ्हाईक अख्ख्या पेठेला सांगतं.

कागदाचंही बघून ठेव. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी सक्तीची केली, तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती. फेरीवाल्यांसाठी 2020 साली पीएम स्वनिधी आली, तेव्हा पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं होतं आणि तारण नाही. 1975 च्या दीड हजारामागं 14 बायकांना एकमेकींची हमी घ्यावी लागली होती. आत्ताचे आकडे आणि नियम मात्र अर्ज करायच्या दिवशी नगरपरिषदेत आणि बँकेत विचारून घे.

पुढच्या भागात चहा सोडून सोड्याच्या बाटलीकडं जाऊ, कारण गोटी सोड्याची गोष्ट बऱ्याच जणांनी मागितलीय. तुमच्या घरात कुणी मुंबईला खानावळ चालवली असेल, तर त्यांच्याशी बोला, जमलं तर आवाज रेकॉर्ड करा आणि पाठवा. आज्या सत्तरी-ऐंशीच्या पुढं गेल्यात, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका.