उंचीचा जमाखर्च

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्यांचाच इतिहास लिहितात. कोणत्या कंपनीने कोणत्या साली कोणता नमुना बाजारात आणला, त्याचे एंजिन किती शक्तीचे होते आणि त्याचा खप किती झाला, एवढी नोंद केली की आपले कार्य संपले असे त्यांना वाटते. त्यामुळे जी वाहने कारखान्याच्या दरवाजातून एका रूपात बाहेर पडली आणि कुठल्याशा लहान कर्मशाळेत शिरून निराळ्याच रूपात रस्त्यावर आली, त्यांची दखल या दप्तरात क्वचितच घेतली जाते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ आणि वाळवंटी मुलखात आज जागोजागी आढळणारी, जमिनीपासून वीतभर अधिक उचललेली आणि चारही चाकांना गती असलेली मोठी व्हॅन हे अशा वाहनांचे ठळक उदाहरण होय. दहापंधरा माणसे किंवा त्यांच्या भाराइतका माल नेण्यासाठी योजलेला हा लांबट बंद डबा मुळात शहराच्या सडकेसाठी जन्मला. तो खडकाळ वाटेला कसा लागला आणि त्याची उंची का वाढली याचा मागोवा घेतला म्हणजे ध्यानात येते की ही उंची आरंभी कोणाच्या हौसेतून आलेली नव्हती. ती यंत्ररचनेने घातलेली अट होती, आणि हौसेचा अंमल तिच्यावर मागाहून बसला.

मागच्या चाकांपर्यंत एंजिनाची गती पोहोचविणे तितकेसे अवघड नसते, कारण ती चाके वळत नाहीत. पुढच्या चाकांना मात्र दिशा बदलायची असते आणि दिशा बदलता बदलताच गतीही घ्यायची असते. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी निभावणारा सांधा मिळेपर्यंत चारही चाकांच्या गाडीची कल्पना कागदावरच राहणे अपरिहार्य होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल या लहानशा गावी यंत्रदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या ऑटो झॅको आणि विल्यम बेसरडिच या मेव्हण्यांनी असा सांधा बनविला, 1908 साली त्याचे पेटंट मिळविले, आणि प्रथम वाफेवर व नंतर पेट्रोलवर चालणारी गाडी त्यावर उभी केली. या दुसऱ्या गाडीला त्यांनी ‘बॅटलशिप’ असे रणधुरंधर नाव दिले होते. त्यांच्या उद्योगातून निघालेले एफडब्ल्यूडी कंपनीचे मालट्रक 1916 साली अमेरिकन सेनानी जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिकोतील मोहिमेबरोबर गेले आणि पहिल्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने युरोपच्या चिखलात राबले. पुढे 1920 च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने गोळ्यांचा असा सांधा सिद्ध केला की चाक कितीही वळले तरी त्याच्या फिरण्यात हिसका येऊ नये. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना गती देणारा सांधा त्याच कुळातला आहे.

या प्रारंभीच्या कथेतून एक शिरस्ता दिसतो, आणि तो पुढे अर्धशतकभर टिकून राहिला: वाट कर्मशाळेने पाडावी आणि रस्ता रुळल्यावर कारखान्याने त्यावरून चालावे. इंडियानापोलिसच्या पहिल्या 500 मैलांच्या शर्यतीत, 1911 साली, ज्या मार्मन कुटुंबाच्या गाडीने विजय मिळविला, त्याच कुटुंबातील वॉल्टर मार्मन यांनी आर्थर हेरिंग्टन यांच्याशी भागी करून 1931 साली मार्मन-हेरिंग्टन कंपनी स्थापली, आणि त्या दशकाच्या मध्यापासून फोर्डच्या साध्या ट्रकांना पुढचा सचल अ‍ॅक्सल बसवून देण्याचे काम हाती घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर मिनिआपोलिसच्या नॅपको या संस्थेने शेव्हर्ले आणि जीएमसी ट्रकांसाठी तसाच सरंजाम पेट्यांत भरून विकण्यास आरंभ केला; कुशल कारागिराने तो नीट वाचून, मोजून आणि घट्ट आवळून बसविला म्हणजे शेतावरचा साधा ट्रक बर्फात आणि बांधावर चालू लागे. ग्राहक वाढत आहेत हे पाहून शेव्हर्लेने 1957 साली आणि फोर्डने 1959 साली स्वतःच्या कारखान्यात असे ट्रक बनवावयास घेतले. म्हणजे ज्या मागणीची खातरजमा दोन बाहेरच्या संस्थांनी वीस वर्षे केली, तिच्यावर कारखान्यांनी शिक्कामोर्तब केले.

व्हॅनच्या वाट्याला हे शिक्कामोर्तब फार उशिरा आले. फोर्डने 1961 च्या हंगामासाठी काढलेली इकॉनोलाइन ही फाल्कन नावाच्या लहान मोटारीच्या भागांवर बेतलेली, चालकाच्या शेजारी एंजिन असलेली छोटी गाडी होती. 1968 साली एंजिन पुढे सरकले, गाडी मोठी झाली, आणि 1971 पासून शेव्हर्ले व डॉज यांनीही आपापल्या मोठ्या व्हॅन उतरविल्यावर त्या आकाराची वहिवाट कायम झाली. नळ जोडणारे, वीजकाम करणारे, दूरध्वनीच्या तारा ओढणारे असे कारागीर या गाड्यांचे खरे मालक होते. त्यांच्या पाठोपाठ 1970 च्या दशकातील तरुण पिढीने हेच डबे गालिचे, पडदे आणि रंगीत चित्रे लावून फिरती घरे म्हणून सजविले. या दोन्ही वर्गांना चारही चाकांची गती हवी असली तरी कारखान्यांना तिच्यात लाभ दिसत नव्हता, आणि ती उणीव पुन्हा एकदा बाहेरच्या कर्मशाळांनी भरून काढली. कॅलिफोर्नियात पाथफाइंडर या संस्थेने 1970 च्या दशकात, आणि पेनसिल्व्हेनियात क्विगली या कुटुंबाच्या कंपनीने पुढील काळात, नव्या कोऱ्या व्हॅनखालचा पुढचा भाग सोडवून तेथे ट्रकचा सचल अ‍ॅक्सल बसविण्याचे काम व्यवसाय म्हणून चालविले.

गाडी प्रथम उंचावली ती येथे. अखंड अ‍ॅक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेला जड लोखंडी तुळईसारखा भाग. चाक खड्ड्यात उतरले की तोही उतरतो आणि चाक दगडावर चढले की तोही चढतो. ट्रकमध्ये एंजिन उंच बसलेले असल्यामुळे त्याला वरखाली होण्यास अवकाश मिळतो. व्हॅनमध्ये मात्र एंजिन चालकाच्या पायांजवळ खाली खुपसलेले असते, आणि त्याच्या तळाशी असलेले तेलाचे चेंबर अ‍ॅक्सलच्या वाटेतच येते. ते चेंबर फुटू नये म्हणून साऱ्या गाडीलाच काही इंच वर उचलण्यावाचून मिस्त्रीला गत्यंतर नसे. वर उचललेल्या गाडीच्या कमानीखाली मोठे टायर मावू लागले, मोठ्या टायरांनी ती आणखी उंच झाली, आणि पाहणाऱ्याला वाटू लागले की रानात जाणारी व्हॅन अशी उंचच असावयाची. मूळ कारण चेंबरखाली दडून राहिले. डोळ्यांत भरले ते त्याचे बाह्य रूप.

कारखान्यांनी जेव्हा या क्षेत्रात पाऊल टाकले, तेव्हा त्यांनी निराळाच मार्ग धरला. फोक्सवागेनची 1985 सालची सिंक्रो ही चारही चाकांची व्हॅन ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जुळविली जात असे, आणि तिच्यात पुढच्या चाकांकडे जाणारी गती चिकट द्रवाने भरलेल्या जोडातून वाटली जाई. मागची चाके घसरू लागली की तो द्रव आपोआप घट्ट होऊन पुढच्या चाकांना ओढीत असे, चालकाला दांडा हलवावा लागत नसे. जनरल मोटर्सने 1990 साली मध्यम आकाराच्या अ‍ॅस्ट्रो व्हॅनला, आणि 2003 साली शेव्हर्ले एक्सप्रेस व जीएमसी सव्हाना या मोठ्या व्हॅनच्या हलक्या श्रेणीला, सदैव चारही चाकांना गती देणारी रचना दिली. एक्सप्रेसमधील ती रचना 2014 पर्यंत चालली. फोर्डने आपल्या ट्रान्झिट व्हॅनला 2020 च्या नमुन्यापासून ही सोय केली, आणि मर्सिडीझची चारही चाकांना गती असलेली स्प्रिंटर 2015 च्या नमुन्यापासून अमेरिकेत अधिकृतपणे मिळू लागली. एक्सप्रेससारख्या गाडीत पुढच्या दोन चाकांत गती वाटणारा डिफरन्शियल चॅसीलाच जखडलेला असतो आणि त्यातून निघालेले दोन आखूड शाफ्ट चाकांबरोबर वरखाली झुलतात. अखंड अ‍ॅक्सल नाही म्हणून चेंबरशी त्याची टक्कर नाही, आणि टक्कर नाही म्हणून गाडी उंच करण्याचे कारणही उरत नाही. रस्त्यावरचा बर्फ आणि पाऊस यांसाठी ती रचना असल्यामुळे उताराला जड वजन सावकाश आणणारा कमी गतीचा गिअरही कारखान्याने त्यात ठेवला नव्हता. तरीही अशा गाडीचे मालक ती उंचावतात. येथे उंचीचा अर्थ पालटला: पूर्वी ती यंत्राची गरज होती, आता ती मालकाची इच्छा झाली, आणि इच्छेचा खर्च यंत्राच्या खात्यावर पडू लागला.

तो खर्च कोठे कोठे पडतो हे पाहणे उद्बोधक आहे. गाडी उचलली की डिफरन्शियल वर जातो, चाक मात्र जमिनीवरच राहते, आणि दोहोंना जोडणारा शाफ्ट पूर्वी जेथे जवळजवळ आडवा होता तेथे तिरपा होतो. त्याच्या सांध्यातील गोळे कायमच्या कोनात फिरू लागतात, सांध्यावरचा रबरी बूट घडीवर घासून फाटतो, आतले ग्रीस उडून जाते, जागा धुळीने भरते आणि सांधा खडखडू लागतो. ज्या गाड्यांच्या पुढच्या भारासाठी स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो, त्यांत तो बार अधिक पिळून दोन इंचांची उंची फुकट मिळते असे समजले जाते. परंतु त्यामुळे चाकाला खाली उतरण्यासाठी राखलेला पल्ला खर्ची पडतो, बसणाऱ्याला धक्के जाणवतात आणि बॉल जॉइंट अकाली सैल होतात. चाकांचा कल आणि त्यांची दिशा बदलल्यामुळे अलाइनमेंट पुन्हा न केल्यास टायरांची एक कड लवकरच झिजून जाते. लांब प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे राहिले नाहीत तर त्या टोकांच्या सांध्यांतले क्रॉस हादरे देऊ लागतात, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्वीच्याच लांबीच्या ठेवल्या तर चाक पूर्ण खाली उतरताच त्या ताणल्या जातात.

टायरांचा हिशेब तर शाळकरी गणिताचा आहे. 29 इंची टायरांच्या जागी 33 इंची टायर बसविले म्हणजे जमिनीपासूनचे अंतर चार इंचांनी वाढत नाही, केवळ दोन इंचांनीच वाढते, कारण व्यासाचा अर्धाच भाग अ‍ॅक्सलखाली असतो. परीघ मात्र सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे गाडी प्रत्यक्ष 100 च्या वेगाने जात असता वेगमापक 88 दाखवितो, आणि 3.73 प्रमाणाच्या डिफरन्शियलचे बळ जणू 3.28 वर येते. मूळ बळ जवळजवळ परत आणायचे तर 4.10 किंवा त्याहून अधिक प्रमाणाचे दाते पुढे आणि मागे, दोन्ही ठिकाणी, एकाच मापाचे घालावे लागतात. एका ठिकाणी विसर पडला तर चारही चाके परस्परांशी झगडू लागतील. त्याच कारणास्तव सदैव चार चाकांवर चालणाऱ्या गाडीला एकच नवा टायर घालणे अयोग्य, कारण झिजलेल्या आणि नव्या टायरांच्या परिघांतील अंतर मधल्या जोडाला दिवसभर भरून काढावे लागते आणि तो तापून निकामी होतो. पाण्यातून गाडी नेल्यावर दोन्ही डिफरन्शियल आणि पुढच्या-मागच्या चाकांत गती वाटणारी ट्रान्सफर केस यांचे तेल तपासणे, त्यात दुधाळ छटा दिसल्यास ते तत्काळ बदलणे, बुटांच्या घड्या बोटाने चाचपणे आणि नटबोल्ट पुन्हा आवळणे हीच या वाहनाच्या मालकीची खरी दिनचर्या होय.

सर्वांत गंभीर रक्कम सुरक्षिततेच्या खात्यावर आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने 2001 साली एक जाहीर इशारा दिला होता: पंधरा जणांच्या व्हॅनमध्ये दहा किंवा अधिक माणसे बसली असता एकट्या वाहनाच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट होते. हा इशारा कारखान्यातून आलेल्या, न उचललेल्या व्हॅनविषयी होता. गुरुत्वमध्य आणखी चार इंच वर नेल्यावर तो शिथिल होत नाही हे उघड आहे. घसरणाऱ्या गाडीला सावरणारी आजची विजाणू यंत्रणा कारखान्याने ठरविलेली उंची आणि चाकांची मापे गृहीत धरून चालते. ती मापे बदलली म्हणजे तिच्या गणितालाही धक्का लागतो.

आपल्या देशात या विषयाची गाठ कायद्याशी पडते. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केल्यापासून चारही चाकांची गाडी महाराष्ट्राला परिचित आहे, आणि जीपमध्ये फेरफार करून देणारे मिस्त्रीही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 अन्वये, कारखान्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी दाखल्यातील मजकूर जुळणार नाही असा फेरफार मालकास करता येत नाही. इंधनाच्या बदलासाठी एंजिन किंवा अपंग व्यक्तीसाठी रचना बदलणे अशा काही गोष्टींना त्यात सशर्त मोकळीक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हाच अर्थ स्पष्टपणे उचलून धरला. अमेरिकेत राज्यागणिक मर्यादा निराळ्या असल्या तरी तेथे फेरफाराला वाव अधिक आहे. आपल्याकडे ती वाट बहुतांशी बंद आहे, आणि ज्याला रानात जायचे असेल त्याने कारखान्याने तशीच बनविलेली गाडी घ्यावी असा कायद्याचा आशय आहे.

कायद्याचा हा कठोरपणा काही हौशी मंडळींना खुपतो, आणि त्यांच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. कारण क्लिंटनव्हिलच्या मेव्हण्यांनी सरकारी परवानगीची वाट पाहिली असती तर चारही चाकांचा ट्रक कदाचित आणखी एक पिढी उशिरा अवतरला असता. परंतु व्हॅनला सचल अ‍ॅक्सल बसविणाऱ्या जुन्या कारागिरांनी उंची वाढविली ती एका अडचणीच्या निवारणासाठी. आणि आपण बसविलेल्या प्रत्येक सांध्याची निगा कशी राखावी हे त्यांनी ग्राहकाला सांगितले, कारण सांधा मोडला तर दुकानाचे नाव बुडणार होते. उंची आणि निगा यांची ही जोड जेथे टिकते तेथे फेरफार हे कसब ठरते, आणि जेथे ती तुटते तेथे तो केवळ दिखावा ठरतो. म्हणून ज्या देशात कायदा मुभा देतो तेथेदेखील ज्याला तेल, बूट, क्रॉस आणि अलाइनमेंट यांचा हिशेब दर ऋतूत तपासण्याची तयारी नाही, त्याने आपली व्हॅन कारखान्याने ठरविलेल्या उंचीवरच ठेवावी.