सुरगाण्याच्या वनहक्क दाव्यांचा तक्ता

१/५ सुरगाणा १९४८पर्यंत संस्थान होते. विलीनीकरणानंतर ते नाशिक जिल्ह्यात आले. डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या कोकणा, वारली कुटुंबांची वहिवाट जुनी. मात्र वनजमिनीच्या दप्तरात त्यांची नावे नव्हती.

२/५ २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या ताब्याला मान्यतेची वाट दिली. नियम १३नुसार सरकारी कागद, बांधबंदिस्तीच्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे सारेच पुरावे ठरतात.

३/५ असे दावे डेटाबेसमध्ये मांडताना पुराव्याला एकच रकाना ठेवला, तर जबाब बाहेर राहतो. कायदा तर एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायला सांगतो. म्हणून दाव्यांचा तक्ता वेगळा, पुराव्यांचा वेगळा हवा; दोहोंना दावा क्रमांकाने जोडावे आणि प्रत्येक फेरबदल तारखेसह नोंदवावा.

४/५ २०१२च्या दुरुस्तीनुसार उपग्रहचित्र पूरक आहे. ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही.

५/५ मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाण्याचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनहक्कांची अंमलबजावणी ही त्यांची प्रमुख मागणी होती. तक्ता आखणाऱ्याने कोणते रकाने ठेवले, यावर अशा कुटुंबांची जमीन अवलंबून असते.