लेबियाप्लास्टी

लेबियाप्लास्टी किंवा भगोष्ठ शस्त्रक्रिया म्हणजे स्त्रीच्या योनिमुखाभोवती असलेल्या त्वचेच्या घड्यांचा, म्हणजेच भगोष्ठांचा, आकार बदलण्यासाठी किंवा त्यांची दुरुस्ती करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया होय. बाहेरच्या जाड घड्यांना बृहद्भगोष्ठ आणि आतील पातळ घड्यांना लघुभगोष्ठ म्हणतात. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा लघुभगोष्ठांवर होते. ती केवळ दिसण्यासाठीही केली जाते. मात्र प्रस्तुत लेख प्रामुख्याने वैद्यकीय कारणांसाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी व त्यानंतरच्या काळजीविषयी आहे.

नैसर्गिक वैविध्य

लघुभगोष्ठांचा कोणताही एक 'योग्य' आकार नाही. लंडनमध्ये ५० स्त्रियांची मोजमापे घेऊन २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघुभगोष्ठांची लांबी २० ते १०० मिलिमीटर, तर रुंदी ७ ते ५० मिलिमीटर आढळली. एक घडी दुसरीपेक्षा मोठी असणे, ती बृहद्भगोष्ठांच्या बाहेर दिसणे, तिचा रंग गडद असणे हे सर्व सामान्य आहे. 'अतिवृद्धी' कशाला म्हणावे याची सर्वमान्य मोजपट्टी नाही. त्यामुळे निर्णयाचा आधार सेंटिमीटर नसून त्रास हा असतो. वयात येताना एक बाजू आधी वाढू शकते. म्हणूनच अमेरिकेतील व ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्था अल्पवयीन मुलींच्या बाबतीत घाई न करण्याचा व प्रथम समजावून सांगण्याचा सल्ला देतात.

वैद्यकीय कारणे आणि निदान

चालताना, सायकल चालवताना किंवा घट्ट कपड्यांत त्वचा सतत घासली जाऊन जखमा होणे, समागमाच्या वेळी घडी आत ओढली जाऊन वेदना होणे आणि स्वच्छता राखणे अवघड जाणे या प्रमुख तक्रारी असतात. बाळंतपणात किंवा अपघातात भगोष्ठ फाटून चुकीच्या पद्धतीने जुळून येणे, जन्मजात व्यंग, गाठी आणि हत्तीरोगासारख्या आजारातून आलेली कायमची सूज ही अन्य कारणे होत.

तथापि खाज, आग किंवा दुखणे हे दरवेळी आकारामुळे नसते. बुरशीचा संसर्ग, अनियंत्रित मधुमेह, लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग, तसेच सुगंधी साबण, जंतुनाशक द्रावणे व केस काढण्याची मलमे यांमुळेही तोच त्रास होतो. अशा वेळी शस्त्रक्रिया करूनही तक्रार तशीच राहते. त्यामुळे आधी तपासणी व औषधोपचार, सैल सुती कपडे आणि घर्षण कमी करणारे साधे मलम हा क्रम योग्य ठरतो.

निदानातील खरा अडथळा संकोचाचा आहे. या अवयवासाठी रोजच्या मराठीत शिवीही नसलेला आणि पोथीतलाही नसलेला शब्द सापडणे कठीण. रुग्ण 'खालची जागा' एवढेच सांगते. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास भगोष्ठांपुरता नव्हता, पण दुखणे अंगावर काढण्याची सवय त्यातून स्पष्ट दिसते.

शस्त्रक्रिया

आधुनिक वैद्यकीय साहित्यात या शस्त्रक्रियेची सविस्तर चर्चा १९८० च्या दशकापासून आढळते. घडीची कड सरळ छाटून टाके घालणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. दुसऱ्या पद्धतीत मधला पाचरीच्या आकाराचा भाग काढून दोन्ही टोके जोडतात. त्यामुळे मूळ कड शाबूत राहते, परंतु सांध्यावर ताण येऊन तो उसवण्याची शक्यता असते. शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तास चालते. ती स्थानिक, मणक्यातून दिलेल्या किंवा संपूर्ण भुलीखाली होते आणि रुग्णाला बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. टाके विरघळणारे असतात. पाळी संपल्यानंतरचे दिवस सोयीचे मानले जातात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगणे आवश्यक असते. तंबाखू, मिश्री व धूम्रपान यांमुळे जखम भरण्यास विलंब होतो. मिश्रीला व्यसन न मानण्याच्या सवयीमुळे ती माहिती अनेकदा डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

बरे होण्याचा काळ

पहिले दोन-तीन दिवस सूज सर्वाधिक असते. सुजलेला, काळानिळा भाग पाहून शस्त्रक्रिया बिघडली असे वाटू शकते, पण हा टप्पा अपेक्षित असतो. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ लावणे, नितंबांखाली उशी घेऊन पडून राहणे व वेदनाशामक औषधे वेळेवर घेणे याने आराम पडतो. लघवी करताना जळजळ होत असल्यास त्याच वेळी कोमट पाणी ओतल्याने ती कमी होते. जागा चोळून न पुसता टिपून कोरडी करावी लागते. पाळी आल्यास पॅड वापरावे; टॅम्पॉन व मासिक पाळीचा कप टाळावा. बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून भरपूर पाणी व चोथायुक्त आहार उपयुक्त असतो.

बैठे काम करणाऱ्या स्त्रिया साधारण आठवड्याभराने कामावर परततात. टाके दोन ते चार आठवड्यांत विरघळतात. समागम, सायकल, जड वजन उचलणे आणि पोहणे सुमारे सहा आठवडे वर्ज्य असते. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात, म्हणून निकालाबद्दल त्याआधी मत बनवणे घाईचे ठरते.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच बाजूची झपाट्याने वाढणारी सूज, न थांबणारा रक्तस्राव किंवा लघवी अडकणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत. जंतुसंसर्ग, टाके उसवणे, दोन्ही बाजू असमान होणे, व्रण दुखणे, संवेदना बदलणे आणि गरजेपेक्षा जास्त भाग कापला जाणे हे धोके आहेत. काढलेली त्वचा परत मिळत नसल्यामुळे शेवटचा धोका सर्वांत गंभीर मानला पाहिजे.

वसई-विरार परिसर

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका एकत्र करून २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. सार्वजनिक रुग्णालयातील विशेष उपचारांसाठी येथील रुग्ण पश्चिम रेल्वेने मुंबई गाठतात. मुंबई सेंट्रलजवळचे नायर आणि परळचे केईएम ही त्यांपैकी मोठी महापालिका रुग्णालये आहेत. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. गर्दीच्या लोकलमध्ये तासभर उभे राहणे सुजेच्या दिवसांत त्रासदायक असल्याने पहिली फेरतपासणी गर्दीची वेळ टाळून ठरवणे इष्ट. अर्नाळा किंवा पाचूबंदर येथील कोळीवाड्यांत, तसेच वसईच्या वाड्यांत, काम उकिडवे बसून व ओझी वाहून होते. तेथे 'आठवडाभर विश्रांती' पुरेशी नसते. काष्ट्याचे लुगडे जखमेवर घासते, म्हणून त्या काळात सैल गाऊन किंवा परकर सोयीचा पडतो. पावसाळ्यातील दमटपणात कपडे पूर्ण वाळवून वापरणे महत्त्वाचे असते.

विमा, कर व कायदा

भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार सौंदर्यविषयक शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही; अपघात, भाजणे व कर्करोगानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याचा थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार याला अपवाद आहे. आरोग्यसेवेला असलेली वस्तू व सेवा करातील सूट सौंदर्य शस्त्रक्रियेला लागू नाही, परंतु जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी ती केली असल्यास लागू होते. त्यामुळे कागदपत्रांवर त्रासाची, आधीच्या औषधोपचारांची व निदानाची नोंद असणे आर्थिकदृष्ट्याही निर्णायक ठरते.

वैद्यकीय कारणाविना, प्रथेपोटी मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापणे ही वेगळी बाब असून जागतिक आरोग्य संघटना तिला मानवाधिकारांचे उल्लंघन मानते. भारतात ही प्रथा 'खतना' या नावाने ओळखली जाते. तिच्याविरुद्ध २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि २०१८ साली ते प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आले.