ज्योतिषविद्या आणि व्यापारी समाजाचे दातृत्व

आपल्या बारामती-इंदापूर परिसरात वहीपूजन असो, नव्या दुकानाचा शुभारंभ असो वा पर्वतिथीचा निर्णय असो, प्रथम पंचांग उघडले जाते. मुहूर्त आपण आवर्जून विचारतो. परंतु त्यामागील विद्या कोणी जोपासली व तिचा खर्च कोणी उचलला, याचा विचार क्वचितच होतो. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्या इतिहासाचे स्मरण उचित ठरेल.

ज्योतिष हे सहा वेदांगांपैकी एक. वराहमिहिराने त्याचे गणित, होरा व संहिता असे तीन स्कंध सांगितले. म्हणजे भविष्यकथन ही या वृक्षाची एक शाखा. मूळ मात्र गणिताचे. या विद्येत जैन आचार्यांचा वाटा मोठा आहे. ‘सूर्यप्रज्ञप्ति’ या प्राकृत आगमात १८३० दिवसांचे पंचवर्षीय युग वर्णिले आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. पुढे १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरींनी ‘यंत्रराज’ हा ग्रंथ लिहिला. वेधयंत्राचे ज्ञान मुसलमानी देशांतून आलेले, भाषा संस्कृत आणि कर्ता जैन मुनी! ज्ञानाला परके न मानण्याचा हा आदर्श होय.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिल्याचा शके ११२८ चा उल्लेख तेथील शिलालेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी देणग्यांचा तपशील मराठीत आहे. विक्रीस येणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठाला दिला गेला, नगरानेही आपला वाटा दिला, आणि घाण्यामागे पळीभर तेल ठरले. हिशेबाची वही सांभाळणाऱ्या माणसास हा तपशील विशेष भावतो. ग्रहगणिताच्या पाठशाळेतील दिवा बाजारपेठेच्या तेलावर तेवत होता! एका धनिकाची मोठी देणगी एकदाच येते. परंतु रोजच्या उलाढालीतून येणारा लहान वाटा विद्येला पिढ्यान्‌पिढ्या आधार देतो.

ती परंपरा खंडित झाली नाही. १५२० मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहून पंचांगाचे गणित सुलभ केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये या साऱ्या विद्येचा इतिहास मराठीत ग्रंथबद्ध केला. दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आज मुहूर्ताची दक्षिणा आपण आनंदाने देतो. मात्र संस्कृत-प्राकृत शिकणारा विद्यार्थी आणि कपाटातील हस्तलिखित पोथी यांच्या वाट्याला काय येते? आपल्याच समाजाच्या पुढाकाराने १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे राहिले. तोच वारसा पुढे नेऊन संस्थेने मंदिरांतील पोथ्यांची सूची करावी, तसेच गणितासह संस्कृत वा प्राकृत अभ्यासणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी. प्रत्येक दुकानाने आपली ‘पळी’ दिली, तर हे कार्य मुळीच अवघड नाही.