पिंजाऱ्यांचा मनोरा

1404 सालच्या शरदात समरकंदबाहेरच्या कान-ए-गिल नावाच्या कुरणावर तैमूरने आपल्या नातवांची लग्नं लावली. त्यात दहा वर्षांचा उलुगबेगही होता. पुढे वेधशाळा बांधून ताऱ्यांच्या सारण्या करणारा तो हाच. शहरातल्या साऱ्या कारागिरांना हुकूम सुटला की दुकानं घेऊन कुरणावर या आणि आपापली करामत दाखवा. त्या वेळी कापूस पिंजणाऱ्यांनी कापसाचा एक उंच मनोरा उभा केला. तो विटांचा नाही हे पाहणाऱ्याला पटेना. वर शोभेला एक बगळ्यासारखा पक्षीही बसवला होता. तैमूरचे गोडवे गाणारा शरफुद्दीन अली यज्दी हे लिहितो. दमास्कसहून लहानपणी पकडून आणलेला, तैमूरला शिव्या घालताना न थकणारा इब्न अरबशाहही हेच लिहितो. भाट आणि वैरी एकाच गोष्टीवर सही करतात, तेव्हा ती घडली असं धरायला हरकत नसावी.

हे वाचलं आणि मला कडेगाव दिसलं.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत कोणाला नव्याने सांगायला नकोत. शंभर फुटांच्या वर जाणारे, बांबू, सूत, चिकणमाती आणि रंगीत कागद यांचे अष्टकोनी मजले, शेकडो खांद्यांवर निघालेली मिरवणूक, चौकात ताबुतांच्या गळाभेटी. त्यांतले बरेचसे ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत. बांधणीची खूण गावकरी एका वाक्यात सांगतात: आधी कळस, मग पाया. वरचा मजला आधी तयार करायचा, तो उचलायचा आणि खाली दुसरा सरकवायचा. सुताला कुठेही गाठ मारायची नाही, असंही सांगतात. म्हणजे सहा शतकांपूर्वी समरकंदात कापसाचा मनोरा, आणि इथे कापसाच्या सुताने आवळलेला बांबूचा मनोरा.

समरकंद आणि ताबूत यांची सांगड मी पहिल्यांदा घालत नाही. दर मोहरमला वर्तमानपत्रांत एक गोष्ट हमखास येते. तैमूर दरवर्षी करबलेला जायचा. हिंदुस्थानात असताना त्याला जाता येईना, म्हणून दरबाऱ्यांनी इमाम हुसेनच्या कबरीची बांबू-कागदाची प्रतिकृती करून दिली आणि ताजिया, म्हणजे आपला ताबूत, जन्माला आला. गोष्ट सुबक आहे. पण तिला तारीख लावून पाहा.

हिजरी 801 चा मोहरम सुरू झाला तो 13 सप्टेंबर 1398 ला. दहावा दिवस, म्हणजे आशुरा, पडतो 22 तारखेला. तैमूर सिंधू ओलांडतो मोहरमच्या बाराव्या दिवशी, होड्यांचा पूल बांधून. म्हणजे ताजिया उचलायच्या दिवशी हा गृहस्थ नदीच्या पलीकडे पुलाच्या कामात. दिल्ली पडली डिसेंबरात आणि मार्चमध्ये तो सिंधू ओलांडून परत गेला. पुढच्या मोहरमला तो हिंदुस्थानात नव्हताच. थोडक्यात, तैमूरने हिंदुस्थानात एकही आशुरा पाळलेला नाही, मग ताजिया कुठला? शिवाय तो हनफी सुन्नी होता. अलीच्या घराण्याबद्दल त्याला आदर होता, हे खरं. पण त्याच्या नावावर जमा असलेले खरे मनोरे बघायचे तर इस्फहान आणि बगदादला जा. ते मुंडक्यांचे होते.

तेव्हा तैमूरला या हिशेबातून काढून टाकावं. पण त्याच्या शहराला मात्र ठेवावं.

ते शहर त्याने माणसं गोळा करून वसवलं होतं. दमास्कसचे विणकर, शिराझ-इस्फहानचे कारागीर आणि दिल्लीचे पाथरवट. दिल्लीच्या पाथरवटांचं काम बीबी खानम मशिदीत जिरलं. क्लाविहो हा स्पेनचा वकील 1404 मध्ये तिथे होता. त्याच्या वर्णनात तुर्क, अरब, ग्रीक आणि आर्मेनियन इतके भरले आहेत की शहरात जागा न मिळाल्याने लोक झाडांखाली आणि गुहांत राहतात. तो खातो भाजलेलं घोड्याचं मांस आणि वाळवलेली खरबुजं. आसपासच्या खेड्यांना तैमूरने बगदाद, दमास्कस, शिराझ अशी नावं दिली होती. जगातली मोठी शहरं माझ्या राजधानीची खेडी शोभतील, असा तो मिजाज.

ही सरमिसळ आजही गेलेली नाही. समरकंद उझबेकिस्तानात, पण रस्त्यावर ऐकू येते ती ताजिक, म्हणजे फारसीची सख्खी बहीण. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे इराणी शिया आहेत, रशियन आहेत, बुखारी यहुद्यांचा जुना मोहल्ला आहे. 1937 मध्ये स्टालिनने अतिपूर्वेतून उचलून मध्य आशियात टाकलेल्या कोरियन लोकांचे वंशजही आहेत. कोबी मिळेना म्हणून त्यांनी गाजराची आंबट-तिखट कोशिंबीर करायला सुरुवात केली आणि ती आता सगळ्यांची झाली. रेगिस्तानच्या चौकात तीन मदरसे समोरासमोर उभे आहेत. पहिला उलुगबेगचा, 1420 च्या सुमाराचा. बाकीचे दोन सतराव्या शतकातले, आणि त्यांपैकी शेरदोरच्या कमानीवर चक्क वाघासारखे सिंह. गूर-ए-अमीरचा निळा, फाकी पाडलेला घुमट बघून बीबी खानमकडे वळलं की शेजारीच सियोब बाजार. तिथली चकाकणारी, जडशीळ नान घ्यावी, तंदुरीतला सामसा घ्यावा. पुलाव इथे ढवळत नाहीत, भात, गाजर आणि मांस थरांनी वाढतात. सामसा आणि पुलाव आपल्याकडे कोणत्या वाटेने आले, हे सर्वांना ठाऊक आहे. मोहरमचं सरबत आणि मलिदाही त्याच फारसी बोलणाऱ्या वाटेचे. खाण्याला ही वाट मोकळी असेल तर मनोऱ्याला का नसावी?

ती वाट मी अशी लावतो. बहमनी सुलतान फिरोजशहाने तैमूरकडे वकील पाठवला होता, असं फिरिश्ता सांगतो. त्यानंतर दख्खनच्या दरबारात इराण-तुराणच्या माणसांची रीघ लागली. त्यांतलाच गिलानचा महमूद गावान. त्याने 1472 मध्ये बिदरला मदरसा बांधला. ज्याने रेगिस्तान पाहिलं आहे त्याने बिदरला जावं. तीच चौकाची मांडणी, तेच रंगीत फरशांनी मढवलेलं दर्शन आणि कोपऱ्यावर मनोरा. समरकंदचा मनोरा दख्खनमध्ये उतरल्याची ही दगडी पावती आहे. तिथून आदिलशाहीत यायला फार वेळ लागत नाही. यूसुफ आदिलशहाने विजापुरात 1502 च्या सुमारास शिया खुतबा वाचायला लावला, म्हणजे मोहरमला राजाश्रय मिळाला. आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आदिलशाही अमलात, कराडला मशिदीचे दोन मनोरे उभे राहिले, शंभर फुटांच्या वर. कृष्णाकाठी आजही ते सर्वांत आधी नजरेत भरतात.

आता कडेगावची आख्यायिका ऐका. भाऊसाहेब देशपांडे कराडच्या मोहरमला गेले होते. तिथे मानापमानाचं काही झालं आणि त्यांनी आपल्या गावी ताबूत सुरू केले, अशी ती गोष्ट. मानापमानाने गावात काय काय उभं राहतं, हा वेगळ्या लेखाचा विषय. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं गाव कराड आहे. रागाने परतलेल्या माणसाच्या डोळ्यांत कराडचे मनोरे असणारच. आपला ताबूत त्यांच्याएवढा तरी पाहिजे, हे आलंच. ताबुताची उंची करबलेच्या कबरीवरून येत नाही, कारण कबर बुटकी असते. ती मनोऱ्यावरून येते.

याला प्रतिपक्ष आहेत, आणि ते दुबळे नाहीत. एक म्हणतो, इराणात यज्दला आशुऱ्याला पानाच्या आकाराचा प्रचंड लाकडी नख्ल उचलतात, मूळ तिथे आहे. असेल, पण नख्ल रुंद आणि चपटा, मजले नाहीत. दुसरा म्हणतो, कर्नाटकातल्या देवळांचे रथ पाहा, मजल्यामजल्यांनी निमुळते होत जाणारे, वर कळस. हा पक्ष मला जड जातो, कारण कडेगावच्या बोलीत मुळात कळस हा शब्द आहे, मनोरा नाही. तिसरा सर्वांत जवळचा: जोतिबाच्या सासनकाठ्या. चैत्रात उंच काठी तोलत, दोऱ्यांनी आवरत नाचवणारी माणसं याच मुलखातली. उंच वस्तू खांद्यावर तोलण्याची कला इथे सासनकाठीनेच शिकवली, हे मी बिनतक्रार देऊन टाकतो. आकार कराडचा, तोल जोतिबाचा.

बांबूचे उंच ताबूत हिंदुस्थानातून बाहेर गेले, हेही पाहावं. शिपायांबरोबर ते सुमात्रातल्या बेंकुलूला पोचले, तिथे ताबोत. पारियामानला ताबुइक, जो शेवटी समुद्रात सोडतात. मजुरांबरोबर त्रिनिदादला गेले, तिथे होसे. समरकंदला मात्र आज ताबूत नाही. म्हणून कोणी म्हणेल की हा आमचाच शोध. मी म्हणेन, बीज तिकडचं, वाढ इकडची. 1404 च्या मनोऱ्याला मोहरमशी काही देणंघेणं नव्हतं. ते लग्नातलं कौतुक होतं. त्याला शोक जोडला दख्खनने.

आणि पिंजाऱ्यांचं काय? सांगली-कोल्हापूरकडे पिंजारी, नदाफ ही आडनावं गावोगाव आहेत, आणि नदाफ म्हणजे अरबीत कापूस पिंजणाराच. समरकंदच्या कुरणावरून थेट त्यांच्यापर्यंत धागा ओढायचा मोह मला होतो. पण तो धागा सध्या माझ्या कल्पनेतला आहे, तेव्हा इतकंच म्हणतो: कापसाला उंच उभं करता येतं हे ज्यांच्या हातांना कळलं, त्यांना ताबुताचं श्रेय राजांपेक्षा जास्त द्यावं.

मोहरम दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे येतो, तेव्हा कॅलेंडर बघून निघा. कडेगावला जाताना आधी कराडला उतरा आणि मनोऱ्यांकडे मान वर करून पाहा. मग कडेगावात बांधणाऱ्या हातांशी दोन शब्द बोला, मजला उचलून खाली दुसरा कसा सरकवतात ते विचारा आणि लिहून ठेवा.